विद्यापीठ परिसरातील अग्निसुरक्षा
विद्यापीठाच्या आवारात आग लागू नये, लागल्यास ती तत्काळ कळावी आणि माणसे सुखरूप बाहेर पडावीत, यासाठी अग्निसुरक्षा अधिकारी व त्याचे सहकारी करीत असलेले तपासणी, देखभाल आणि प्रशिक्षणाचे काम. प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि वसतिगृहे एकाच आवारात असल्याने येथील धोके एका साच्याचे नसतात. प्रयोगशाळेत सोडियम पेटल्यास पाण्याने आग अधिक भडकते, म्हणून तेथे धातूंच्या आगीसाठीची विशेष कोरडी पूड ठेवावी लागते. पावडरच्या अग्निशामकावरील दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे नजरेने कळते; कार्बन डाय-ऑक्साइडच्या नळकांड्याला मात्र असा मापक नसल्याने ते वजन करूनच तपासतात.

या कामातील सर्वांत अवघड भाग यंत्रांचा नसून सवयींचा आहे. 19 जानेवारी 2000 रोजी पहाटे अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात सीटन हॉल विद्यापीठाच्या वसतिगृहाला लागलेल्या आगीत 3 विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला; त्यापूर्वी वारंवार वाजलेल्या खोट्या घंटांमुळे अनेकांनी खऱ्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले होते. इमारतीत तुषारयंत्रणा, म्हणजे उष्णतेने आपोआप पाणी फवारणारी व्यवस्था, नव्हती. त्याच वर्षी त्या राज्याने वसतिगृहांत ती सक्तीची केली. महाराष्ट्रात 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार इमारतीच्या मालकाला अथवा भोगवटादाराला अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावे लागते.