दिवसाला एक पौंड धान्य : १८७७ चा दुष्काळ आणि एका डॉक्टरचं भांडण

कॅलरी हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे. वजन कमी करायला आलेली मंडळी मला हमखास विचारतात, "डॉक्टर, दिवसाला नेमकं किती खायचं?" हाच प्रश्न सुमारे दीडशे वर्षांपूर्वी आपल्या दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात अगदी उलट्या बाजूने विचारला गेला होता. माणूस मरू नये एवढ्यासाठी त्याला कमीत कमी किती द्यायचं? विचारणारं होतं सरकार, आणि उत्तर ठरलं ते तिजोरीकडे पाहून.

१८७६ साली पुणे, नगर, सोलापूर, विजापूरपासून थेट मद्रास आणि म्हैसूरपर्यंत पावसाने दगा दिला. दुसऱ्या वर्षी, १८७७ मध्येही मोठ्या भागात तेच झालं. आज आपल्याला कळतं की ही एकट्या दख्खनची गोष्ट नव्हती. १८७७-७८ चा एल निनो हा नोंद झालेल्या सर्वांत तीव्र एल निनोंपैकी एक मानला जातो. पॅसिफिक महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापतं, त्यामुळे वाऱ्यांची चाल बदलते आणि हजारो मैलांवरचा पाऊस हलतो. त्याच सुमाराला उत्तर चीनमध्ये शान्शी प्रांतात माणसं मरत होती. ब्राझीलच्या सिआरा प्रांतात दुष्काळग्रस्त लोक फोर्तालेझा शहरात गोळा झाले होते. तिथे १८७८ च्या डिसेंबरमध्ये देवीच्या साथीने एका दिवसात हजारावर बळी घेतले.

म्हणजे पाऊस आभाळाने थांबवला, हे खरं. पण पाऊस थांबल्यावर कोण उपाशी राहणार, हे बऱ्याच अंशी आधीच ठरून गेलं होतं.

त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडले, शेतकऱ्यांनी कर्जं काढली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज मात्र अंगावर राहिलं. सरकारचा शेतसाराही रोख भरायचा असे. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. इतिहासात 'दख्खनचे दंगे' म्हणून शिकवतात ते हेच. त्यानंतर जेमतेम एका वर्षाने पाऊस गेला. माणसं आधीच पोकळ झालेली होती. आजाराच्या भाषेत बोलायचं तर प्रतिकारशक्ती संपलेल्या शरीरावर न्यूमोनिया आला.

रेल्वे होती. मुंबईहून सोलापूरमार्गे रायचूरपर्यंतची लाइन १८७१ मध्येच पूर्ण झाली होती. रेल्वेने धान्य येईल, भाव उतरतील, असा सरकारचा हिशेब होता. धान्य आलंही. पण जिथे भाव जास्त तिथे धान्य जातं, आणि भाव देणारा नसेल तर ते पुढच्या स्टेशनावर उतरतं. धान्याचे दर वाढत गेले, मजुरी मात्र उरलीच नव्हती. शेत करपल्यावर शेतमजुराला काम कोण देणार? धान्यालाच पैसे पुरत नसताना विणकऱ्याचं लुगडं कोण घेणार? दुष्काळ सुरू असताना हिंदुस्थानातून गहू इंग्लंडला जातच होता. त्या काळात सुमारे ३ लाख २० हजार टन गहू बाहेर गेला, असा आकडा दिला जातो. पुढे १८८० मध्ये सरकारच्याच दुष्काळ आयोगाने कबूल केलं, की सर्वाधिक हाल मजूर आणि कारागिरांचे होतात, आणि त्याचं कारण त्यांच्या हाती पैसा नसतो. पिकवणारा आणि खाणारा यांच्यामध्ये बाजार आला, की भूक ही निव्वळ पावसाची बाब राहत नाही.

आता त्या एका पौंडाकडे येऊ.

सर रिचर्ड टेंपल हे नाव इथे महत्त्वाचं. १८७४ मध्ये बिहारमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा टेंपल बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. त्यांनी ब्रह्मदेशातून भरपूर तांदूळ आणवला, सढळ हाताने वाटला आणि भूकबळी जवळजवळ होऊ दिले नाहीत. शाबासकी मिळायला हवी होती, पण मिळाली ती टीका. एवढा खर्च कशाला केला, असं सगळीकडून ऐकावं लागलं. टेंपल तो धडा पक्का शिकले. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी त्यांना दुष्काळी कामांची पाहणी करून खर्च आवरायला पाठवलं. (त्याच महिन्याच्या १ तारखेला दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करणारा दरबार थाटामाटात पार पडला होता.) टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी खाली आणली : दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि मीठमिरचीला वर एखादा आणा. बायकांना आणि मुलांना त्याहून कमी.

एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. ज्वारी असो की तांदूळ, त्यातून सुमारे १६०० कॅलरी मिळतात. खडी फोडणं, माती वाहणं अशी जड कामं करणाऱ्या पुरुषाला आजच्या भारतीय शिफारशींनुसार दिवसाला सुमारे ३५०० कॅलरी लागतात. म्हणजे गरजेच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय ही मजुरी तो एकटा खात नसे. घरी म्हातारी आई असे, तान्हं मूल असे.

एवढ्या खाण्यावर शरीराचं काय होतं, हे आपल्याला एका प्रयोगामुळे नीट माहीत आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचा रोजचा आहार होता १६०० कॅलरींच्या आसपास, जवळजवळ टेंपल यांच्या पौंडाइतकाच. त्यांना खडी फोडायची नव्हती, आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालायचं होतं एवढंच. तरीही त्यांचं वजन सरासरी चौथ्या हिश्शाने घटलं. नाडी मंदावली, हातपाय गार पडू लागले, पायांना सूज आली, चिडचिड आणि नैराश्य वाढलं, डोक्यात दिवसरात्र फक्त अन्नाचे विचार. आणि ही सुरुवातीला धडधाकट असलेली, डॉक्टरांच्या नजरेखालची माणसं होती. सोलापूरचा मजूर कामावर पोचायचा तोच हाडांचा सापळा होऊन.

मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांच्याकडे हा प्रयोग नव्हता, कॅलरीचं कोष्टक नव्हतं. पण डोळे होते आणि तुरुंगांतल्या आहाराच्या नोंदी होत्या. जड काम करून घ्यायचं तर दीड पौंड धान्य तरी हवंच, आणि त्यासोबत डाळ आणि भाजीही हवी, असं त्यांनी ठणकावून लिहिलं. निव्वळ धान्यावर माणूस झिजतो, हे त्यांचं म्हणणं आजच्या आहारशास्त्रालाही मान्य होईल. टेंपल यांच्या मागे लिटन उभे राहिले. पण कॉर्निश गप्प बसले नाहीत, आणि काही महिन्यांत मद्रास सरकारने धान्य सव्वा पौंडावर नेऊन थोडी डाळ जोडली. अर्धवटच ऐकलं, पण ऐकलं.

इकडे मुंबई इलाख्यात मजुरांनीच उत्तर दिलं. नवी मजुरी लागू झाल्यावर हजारो लोकांनी दुष्काळी कामं सोडली. उपाशी माणसाने संप करावा, हे अधिकाऱ्यांना अनाकलनीय वाटलं असणार. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि मंडळींनी, तालुक्या-तालुक्यांतून माहिती गोळा केली आणि सरकारकडे अर्जांमागून अर्ज पाठवले. त्यांचा एक मुद्दा बिनतोड होता : तुरुंगातल्या कैद्याला याहून जास्त खायला मिळतं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी आश्रम चालवून त्यांच्या जेवणाची सोय केली. मला स्वतःला त्या काळातलं सर्वांत शहाणपणाचं वैद्यकीय काम हेच वाटतं, आणि ते डॉक्टरांनी केलेलं नाही.

आता एक गोष्ट पेशंटना नेहमी आश्चर्याची वाटते. दुष्काळात माणसं बहुतेक वेळा थेट 'भुकेने' मरत नाहीत. दाखल्यावर कारण लिहिलं जातं कॉलरा, हगवण, देवी, ताप. उपासमारीत स्नायूंबरोबर आतड्याचं अस्तरही झिजतं. मग खाल्लेलं पचत नाही, जुलाब थांबत नाहीत. पांढऱ्या पेशींची लढण्याची ताकद कमी होते. अशी हजारो माणसं एका छावणीत, एकाच गढूळ पाण्यावर जगत असली, की एक कॉलरा पुरेसा असतो. म्हणूनच भूकबळींचा आकडा सरकारी कागदावर नेहमी लहान दिसतो.

१८७८ मध्ये पाऊस आला. सगळे सुटलो म्हणेपर्यंत मलेरिया आला आणि त्यानेही प्रचंड माणसं नेली. साचलेल्या पाण्यात डास वाढले, गुरं मेलेली असल्याने त्यांना चावायला उरली ती माणसंच, असंही एक कारण दिलं जातं. अशक्त शरीराला एरवी झेपणारा तापही झेपला नाही. या दोन वर्षांत हिंदुस्थानात किती माणसं गेली याचे अंदाज ५५ लाखांपासून ९० लाखांच्याही पुढे जातात. टेंपल मात्र १८७७ मध्येच बढती मिळून मुंबईचे गव्हर्नर झाले.

या दुष्काळाचे दोन वारसे आपल्यापर्यंत पोचले आहेत. एक हवामानाचा. दुष्काळ आधी कळावा, या गरजेतून मॉन्सूनचा अंदाज बांधायची खटपट सुरू झाली. १९०४ मध्ये हिंदुस्थानच्या वेधशाळांचे प्रमुख म्हणून आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांना त्याच आकडेमोडीतून पॅसिफिकच्या दोन टोकांच्या हवेच्या दाबातलं झुलणं सापडलं. दर उन्हाळ्यात पेपरात येणारी एल निनोची बातमी त्याच धाग्यातली आहे.

दुसरा वारसा दुष्काळ संहितेचा. १८८० च्या आयोगानंतर दुष्काळ कधी जाहीर करायचा, कामं कधी काढायची, कष्टाप्रमाणे मजुरी किती, काम न झेपणाऱ्यांना काय, हे लिखित नियम झाले. नियम असूनही १८९६ आणि १८९९ चे दुष्काळ भयंकर गेले. पण १९७२-७३ मध्ये महाराष्ट्रात सलग वर्षं पाऊस हुकला, तेव्हा मे १९७३ च्या सुमाराला ५० लाखांच्या जवळपास लोक दुष्काळी कामांवर होते. मिलो आणि सुकडी खाऊन त्या पिढीने दिवस काढले; तुमच्या घरातल्या सत्तरीच्या माणसांना विचारा, चवीसकट सांगतील. लोकांचं खाणं तेव्हाही खूप घटलं होतं, जनावरं मेली, पण १८७७ सारखं मरण आलं नाही. पाऊस नव्हता, पण हातात मजुरी होती. पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी कायदा बनून १९७९ मध्ये लागू झाली.

मजुरी मात्र तिथेही खोदलेल्या मातीच्या मापावर. ज्या बाईचं हिमोग्लोबिन सात आहे ती कमी माती खोदते, म्हणून कमी घेऊन घरी जाते, आणि पुढच्या आठवड्यात आणखी कमी खोदते. कॉर्निश यांनी मांडलेल्या हिशेबातला तेवढा भाग अजून बाकी आहे.