बोंबलाचे खोल समुद्रातील गणगोत

जबलपुरात ओमती नाल्यात पडलेले पावसाचे पाणी नर्मदेच्या वाटेने अखेर खंभातच्या आखातात उतरते. या आखाताच्या दोन्ही अंगांना, सौराष्ट्र आणि मुंबईच्या गढूळ किनारी पाण्यात, डोल जाळ्यांना जो मासा विपुल लागतो तो बोंबील. बांबूच्या मांडवावर वाळत घातलेला हा लिबलिबीत मासा खोल समुद्रातील काही अत्यंत हिंस्र शिकाऱ्यांचा नातलग आहे, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

बोंबलाचे शास्त्रीय वर्णन प्रथम फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली गंगेतील माशांवरील ग्रंथात केले. त्याने बोंबलाला ‘ऑस्मेरस’ या उत्तरेकडील माशांच्या प्रजातीत बसविले. तीनच वर्षांनी लस्युएर याने त्याच्यासाठी ‘हार्पाडॉन’ ही स्वतंत्र प्रजाती निर्माण केली. बोंबलाचे खरे आप्त कोण, याचे उत्तर मिळण्यासाठी मात्र माणसाचे जाळे समुद्रतळापर्यंत पोहोचावे लागले.

ते काम ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात केले. त्यावरील माशांतून आल्बर्ट ग्युंथर याने १८७८ साली ‘बॅथिसॉरस’ ही प्रजाती वर्णिली. नावाचा अर्थ खोलातला सरडा. हा चपट्या डोक्याचा मासा समुद्रतळावर निश्चल पडून राहतो आणि भक्ष्य टप्प्यात येताच झडप घालतो. त्याच्या जबड्यात अणकुचीदार दातांच्या ओळी असतात. ते आत झुकतात, त्यामुळे भक्ष्याला शिरता येते, निसटता येत नाही. बोंबलाचे तोंड उघडून पाहावे, रचना तीच! फरक आहे तो संसाराचा. बोंबलात नर आणि मादी वेगळे असतात, तर बॅथिसॉरसच्या एकाच देहात दोन्ही जननग्रंथी असतात. हजारो मीटर खोलीवरच्या काळोखात सजातीय क्वचितच भेटतो. जो भेटेल तो जोडीदार ठरावा, अशी ही सोय असावी.

‘चॅलेंजर’ हिंदी महासागराच्या दक्षिण भागातूनच गेले. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर कोरेच राहिले. ती उणीव मुंबईच्या गोदीत बांधलेल्या आणि १८८१ साली पाण्यात उतरलेल्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ने भरून काढली. तिचे मूळ काम किनाऱ्यांचे नकाशे काढण्याचे. प्राणिसंग्रह ही जोडीची कामगिरी. १८८८ पासून चार वर्षे आल्फ्रेड आल्कॉक हा डॉक्टर तिच्यावर निसर्गशास्त्रज्ञ होता. त्याने १८९१ मध्ये बंगालच्या उपसागरातील एका खवलेधारी मत्स्याचे वर्णन केले आणि त्याला ‘हार्पाडॉन’ याच प्रजातीत ठेवले. आपल्या बोंबलाचा सख्खा भाऊच किनारा सोडून खोल पाण्यात राहत होता. पुढच्याच वर्षी त्याने ‘कॉलिओडस पॅमेलस’ हा संपूर्ण काळा व्हायपरफिश वर्णिला. हा गणाने बोंबलापासून दूरचा. परंतु त्याचे सुळे इतके लांब की तोंड मिटले तरी बाहेरच राहतात. पाठीवरच्या पहिल्या लांब काट्याच्या टोकाशी प्रकाश असतो.

आल्कॉकची सूची १८९९ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध झाली. त्या सागरी संग्रहाची चित्रे भारतीय चित्रकारांच्या हातची होती, जाळे ओढणारे खलाशीही बहुतांशी इथलेच. मत्स्यनामांपुढे मात्र साहेबांचीच नावे लागली. त्या काळाचा शिरस्ताच तो.

अरबी समुद्राचे एक वैशिष्ट्य येथे सांगणे अवश्य आहे. साधारण १५० ते १००० मीटर या पट्ट्यात तेथे प्राणवायू अत्यल्प असतो. ‘माबाहिस’ या जहाजावरील १९३३-३४ च्या जॉन मरे मोहिमेने आणि पुढे १९५९ ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने या पाण्याचा तपशीलवार अभ्यास केला. दुसऱ्या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. एवढ्या कोंडलेल्या पाण्यातही लुकलुकणारे कंदीलमासे दिवस काढतात आणि रात्री वर चरायला येतात. त्यांच्या या रोजच्या येरझारांवर व्हायपरफिशसारख्या शिकाऱ्यांचे पोट चालते.

याच संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरून बहुधातवीय गोटे वर आणले. आज मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरचा टापू भारताला समन्वेषणासाठी मिळालेला आहे. ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी तीन माणसांना सहा हजार मीटर खोल नेण्यासाठी घडविली जात आहे. गोटे एकेक सेंटिमीटर वाढायला लक्षावधी वर्षे घेतात. ते उचलले की उठणारा गाळ दूरवर पसरतो आणि तळावर दबा धरून बसणाऱ्या प्राण्यांना तोच गाळ झाकून टाकू शकतो. तेथे कोण राहते याची यादी करण्याचे आल्कॉकचे काम तेव्हा अजून अपुरेच आहे, आणि या खेपेस ती यादी यंत्रे उतरण्यापूर्वी व्हायला हवी.