हवेतले तेल आणि शेवटची वीत

विमानाने उडता उडताच तेल घ्यावे, ही कल्पना काही आजची नव्हे. २७ जून १९२३ रोजी अमेरिकेत स्मिथ व रिक्टर या वैमानिकांनी वरच्या विमानातून लोंबणारी नळी चक्क हाताने धरून पेट्रोल घेतले. पुढे २२ सप्टेंबर १९३४ रोजी सर ॲलन कोभम इंग्लंडहून कोठेही न उतरता हिंदुस्थान गाठण्यास निघाले. माल्टापाशी इंजिनाचा वेग आवरणाऱ्या दांड्याची एक क्षुद्र खीळ निसटली आणि बेत फसला. आरंभी त्यांना पेट्रोल पुरविणारे विमान त्याच दिवशी इंग्लंडात कोसळून चौघे दगावले. त्या चौघांचा उल्लेख क्वचितच होतो, म्हणून आम्ही तो येथे मुद्दाम करतो.

आता तेलवाहू विमानामागे लांब नळी असते व तिच्या टोकाशी नरसाळ्यासारखी टोपली. मागच्या विमानाने आपली नळी तीत खुपसावयाची. पण जवळ येणाऱ्या विमानाने लोटलेली हवाच टोपलीला बाजूस ढकलते! सारी कसोटी शेवटच्या वीतभर अंतराची. आमच्या जोहे गावात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर श्वास रोखतो, तो क्षण येथे आठवावा. फरक इतकाच की, येथे मूर्तीही हलते आणि हातही.

मग ज्यात माणूसच नाही त्या विमानाने हे कसे साधावे? २००६ साली अमेरिकेत नासाच्या एका लढाऊ विमानावर परीक्षा झाली. वैमानिक आत होता, पण सुकाणू यंत्राकडे. उपग्रहांवरून स्थान ओळखून व कॅमेऱ्याने टोपली हेरून यंत्राने ३२ इंची टोपली गाठली. आमच्या मते खरी विद्या निराळीच होती: नेम चुकला हे यंत्राने स्वतः ओळखावे व निमूट मागे सरावे. नवशिक्या माणसाला हेच जड जाते. अखेर २२ एप्रिल २०१५ रोजी एक्स-४७बी या खरोखरच निर्मनुष्य विमानाने हवेत तेल घेतले.

आपल्याकडे १० सप्टेंबर २०१८ रोजी 'तेजस'ने प्रथम हवेत इंधन घेतले, तेही वैमानिकाच्या हातून. नाशिकजवळ ओझरला बांधलेल्या सुखोई विमानांनाही अशी नळी असते.

पुढे ४ जून २०२१ रोजी उलटेच घडले. तेल देणारे एमक्यू-२५ विमान निर्मनुष्य होते, आणि मागून येऊन त्याच्या टोपलीत नळी ओवणारा मात्र हाडामासाचा वैमानिक.