संरक्षक आवरण आणि वैद्याचा हात

२०२० सालापूर्वी 'पीपीई किट' हा शब्द नगरच्या सावेडी उपनगरात रुग्णालयाबाहेर क्वचितच कोणाच्या कानी पडला असेल. त्या वर्षी कोविडची साथ आली, शहरातील बूथ हॉस्पिटलसारखी जुनी संस्था रुग्णसेवेस पुढे झाली आणि हा शब्द घरोघरी पोहोचला. या पोशाखाने वैद्याचे रक्षण होते, एवढे सर्वांस ठाऊक झाले. परंतु गुदमरणाऱ्या रुग्णाच्या श्वासनलिकेत तातडीने नळी घालतेवेळी तोच पोशाख वैद्याच्या हाताला, डोळ्याला व कानाला किती अडवितो, हा प्रश्न मागे राहिला. प्रस्तुत लेखात त्याचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न कोविडहून पुष्कळ जुना आहे. घटसर्पात घशात पडदा धरून बालके गुदमरत. फ्रान्समध्ये ब्रेतोनो याने १८२५ साली कंठछेद करून अशा एका बालिकेचे प्राण वाचविले. पुढे १८८५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ओड्वायर याने छेदाशिवाय, तोंडावाटे नळी बसविण्याची रीत प्रचारात आणली. ही क्रिया दृष्टीवर नव्हे, स्पर्शावर चाले. बालकाच्या घशात बोट घालून त्याच्या आधाराने नळी आत सरकवावी लागे. दंशापासून बचाव म्हणून धातूचे अंगुलित्राण वापरात आले; परंतु त्यामुळे मार्ग चाचपणारे बोटच झाकले गेले. संरक्षण व कौशल्य यांतील विरोध येथे बीजरूपाने दिसतो.

म्हणून आवरणच टाकावे, असा निष्कर्ष मात्र इतिहास काढू देत नाही. १९११ साली मांचुरियातील फुफ्फुसी प्लेगच्या साथीत डॉ. वू लिएन-ते मुखपट्टीचा आग्रह धरीत असता, ती न बांधता रोगी तपासणारे फ्रेंच वैद्य मेनी काही दिवसांतच प्लेगने दगावले. २००३ च्या सार्स साथीतील अनुभवांचे संकलन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात श्वासनलिकेत नळी घालणाऱ्या कर्मचाऱ्यांना संसर्ग होण्याची शक्यता इतरांच्या मानाने सुमारे ६.६ पट आढळली. कोविडकाळातील कडक दक्षतेमागे हाच आकडा मुख्यत्वे उभा होता.

या भीतीतूनच २०२० मध्ये तैवानमध्ये रुग्णाच्या डोक्यावर ठेवावयाची पारदर्शक पेटी निघाली आणि अल्पावधीत जगभर पसरली. ऑस्ट्रेलियात १२ भूलतज्ज्ञांनी पुतळ्यावर ३६ वेळा नळी घालून तिची परीक्षा केली. पेटीवाचून मध्यक वेळ सुमारे ४३ सेकंद लागला, तर आरंभीच्या पेटीत तो सुमारे ८२ सेकंदांवर गेला. त्याहून उद्बोधक गोष्ट ही की, पेटीमुळे वैद्यांच्या संरक्षक पोशाखाचाच ८ वेळा भंग झाला. जे रक्षणार्थ आणले, तेच रक्षणास बाधक ठरले! त्याच वर्षी ब्रिस्टलमधील मोजणीने असेही दाखविले की, शस्त्रक्रियागृहात नियोजनपूर्वक नळी घालताना उडणारे सूक्ष्म कण एका खोकल्याहूनही कमी असतात. अर्थात् खोकणारा रुग्ण वैद्याच्या तोंडासमोरच असतो; तेव्हा मुखपट्टीची गरज यामुळे संपत नाही.

या वृत्तान्तावरून एक गोष्ट स्पष्ट होते. संरक्षक साधन ही केवळ वस्तू नव्हे. ते अंगावर चढताच वैद्याची क्रियाच बदलते. चष्म्यावर वाफ धरते, दुहेरी हातमोज्यांत बोटे बोथट होतात, मुखपट्टीआडून दिलेली सूचना सहकाऱ्यास नीट ऐकू येत नाही आणि नगरच्या उन्हाळ्यात घाम अनावर होतो. इकडे रुग्णाच्या रक्तातील प्राणवायू मात्र क्षणोक्षणी उतरत असतो.

म्हणूनच उपाय साधनात जितका, तितकाच कामाच्या रचनेत शोधावा लागतो. सर्वांत अनुभवी हात पुढे असणे, सूचना आधीच ठरवून खुणांनी देणे, शक्य तेथे व्हिडिओ लॅरिंगोस्कोप वापरणे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे साथ येण्यापूर्वी त्याच पोशाखात सराव करणे, हे ते उपाय होत. यांपैकी यंत्र महाग आहे; सरावास मात्र वेळ व शिस्त यांपलीकडे फारसे काही लागत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी जेथे भूलतज्ज्ञ मोजकेच असतात, तेथे तर त्याची आवश्यकता अधिकच. नव्या साधनाची परीक्षा ते वापरणाऱ्या हातांकडून आधी व्हावी आणि मगच ते रुग्णाच्या उशाशी यावे, हा या दोनशे वर्षांच्या इतिहासाचा इत्यर्थ होय.