फोर्कलिफ्ट : सुरक्षित वापर

गोदामात पॅलेटवरचा माल पुढच्या दोन काट्यांवर उचलून थप्पीला लावणारे वाहन. सांगली-तासगावची बेदाण्याची शीतगृहे, कुपवाड व सातारा येथील औद्योगिक वसाहती अशा ठिकाणी ते उपयोगी पडते. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद साठवण्याच्या काळात मात्र सगळी भिस्त हमालाच्या पाठीवर होती.

हे वाहन मागच्या चाकांनी वळते. वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो, आणि शेजारी उभा असलेला माणूस नेमका तिथेच सापडतो. क्षमतेची पाटी नीट वाचावी : 2 टन ही क्षमता बहुधा भाराचा मध्य काट्यांच्या टाचेपासून 500 मिमीवर असतानाची असते; भार पुढे सरकला की ती घटते. चालताना काटे जमिनीपासून 15-20 सेंमी, मास्ट (काटे वर-खाली नेणारा उभा सांगाडा) मागे कललेला. उतारावर भरलेली गाडी मागे घेतच उतरवावी. उलटू लागल्यास उडी मारू नये, स्टिअरिंग घट्ट धरून पडण्याच्या विरुद्ध बाजूला झुकावे. सीटचा पट्टा लावलेला असेल तरच याचा उपयोग.

शीतगृहाच्या दाराशी दव साचून फरशी निसरडी होते. बंदिस्त जागेत डिझेलपेक्षा बॅटरीची गाडी बरी. चार्जिंगच्या जागी मात्र हायड्रोजन निघतो, तिथे विडी पेटवू नये. वरची पेटी काढायला हमालाला नुसत्या काट्यांवर उभे करून चढवणे हा सर्वांत घातक प्रकार.