कॅरेक्टर डिझाइन: व्यावसायिक चित्रकारांकडून विद्यार्थ्यांनी नेमकं काय शिकायचं?

इलस्ट्रेशन शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या स्केचबुकमध्ये एक मुलगी हमखास सापडते. मान किंचित तिरकी, डोळे मोठे, एक हात खिशात. चित्र सोशल मीडियावर टाकलं की लाइक्सही भरपूर मिळतात. मग एखाद्या कार्यशाळेत व्यावसायिक कॅरेक्टर डिझायनर ते स्केचबुक हातात घेतो आणि विचारतो, "ही पाठमोरी कशी दिसते? धावताना कशी दिसेल? आणि हिला शिंक आली तर?"

बऱ्याचदा विद्यार्थ्याकडे उत्तर नसतं, कारण त्याने एक छान चित्र काढलेलं असतं; पात्र अजून तयारच झालेलं नसतं. कॅरेक्टर डिझाइनचं शिक्षण इथून सुरू होतं.

कॅरेक्टर डिझाइन म्हणजे काय?

ॲनिमेशनपट, गेम, कॉमिक किंवा मुलांच्या पुस्तकातलं पात्र कसं दिसेल, हे ठरवण्याचं काम म्हणजे कॅरेक्टर डिझाइन. यातली खरी अडचण अशी की, पात्र ठरवतो एक जण आणि नंतर ते काढतात अनेक जण.

साधं गणित पाहा. चित्रपटात एका सेकंदाला २४ फ्रेम असतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये एक चित्र दोन फ्रेमसाठी वापरलं, तरी सेकंदाला १२ आणि मिनिटाला ७२० चित्रं लागतात. एवढ्या चित्रांमध्ये पात्राचं नाक लांब-आखूड होऊन चालत नाही.

म्हणून डिझायनर 'मॉडेल शीट' तयार करतो. त्यात पात्र समोरून, बाजूने आणि मागून दिसतं. याला 'टर्नअराउंड' म्हणतात. सोबत राग, आनंद, भीती असे चेहऱ्यावरचे भाव, हातांच्या मुद्रा आणि इतर पात्रांच्या शेजारी उंची दाखवणारा 'लाइनअप' असतो. थोडक्यात, मॉडेल शीट म्हणजे दुसऱ्या चित्रकाराला दिलेल्या सूचना.

काम करणाऱ्यांनीच सुरू केलेले वर्ग

हे कौशल्य शिकवण्याची पद्धत मोठ्या प्रमाणात स्टुडिओंमध्येच घडली. १९३२ साली डिस्ने स्टुडिओतला ॲनिमेटर आर्ट बॅबिट याने सहकाऱ्यांना आपल्या घरी बोलावून समोर मॉडेल बसवून रेखाटनाचा सराव सुरू केला. मिकीसारखी गोलागोलांची पात्रं सगळ्यांना जमत होती, पण खऱ्या शरीराचं वजन आणि हालचाल कागदावर आणणं अवघड जात होतं. वॉल्ट डिस्नेच्या कानावर हे गेलं आणि त्याने वर्ग स्टुडिओतच भरवायला सांगितलं. लॉस एंजेलिसच्या शुइनार्ड कला संस्थेतले शिक्षक डॉन ग्रॅहम यांच्याकडे शिकवण्याची जबाबदारी आली. १९३७ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'स्नो व्हाइट' चित्रपटामागे या वर्गांची मेहनत होती.

पुढे शुइनार्डमधूनच 'कॅलआर्ट्स' ही संस्था आकाराला आली. तिथे १९७५ मध्ये कॅरेक्टर ॲनिमेशनचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि डिस्नेचे अनुभवी कलाकार शिकवायला आले. 'द इन्क्रेडिबल्स'चा दिग्दर्शक ब्रॅड बर्ड आणि 'अलादीन'चा सहदिग्दर्शक जॉन मस्कर हे तिथल्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी.

शिकणं नवख्यांपुरतंच राहिलं नाही. १९७३ मध्ये त्याच आर्ट बॅबिटने लंडनला रिचर्ड विल्यम्सच्या स्टुडिओत वर्ग घेतले. विल्यम्सला तेव्हा ऑस्कर मिळालेला होता, तरीही तो आपल्या कलाकारांसोबत विद्यार्थी म्हणून बसला.

मुंबईतली शाळा

डिस्नेच्या स्टुडिओतली ही परंपरा भारतात आली ती मुंबईमार्गे. १९५६ मध्ये 'बॅम्बी'वर काम केलेला ॲनिमेटर क्लेअर वीक्स मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात आला आणि त्याने इथल्या कलाकारांना प्रशिक्षण दिलं. 'द बनियन डिअर' हा जातककथेवरचा लघुपट त्याच काळातला. शिकणाऱ्यांमध्ये राम मोहन होते, ज्यांना पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हटलं गेलं.

राम मोहन यांनी नंतर केलेलं एक काम प्रत्येक विद्यार्थ्याने पाहावं असं आहे. १९९० च्या दशकात युनिसेफला दक्षिण आशियातल्या मुलींच्या शिक्षणाबद्दल आणि आरोग्याबद्दल बोलणारं एक पात्र हवं होतं. त्यातून 'मीना' जन्माला आली. ती भारत, बांगलादेश, पाकिस्तान, नेपाळ अशा वेगवेगळ्या देशांत आपली वाटायला हवी होती. त्यामुळे नाव, चेहरा आणि पोशाख कोणत्याही एकाच देशाचा वा धर्माचा वाटू नये, हे पाहावं लागलं. चित्रं गावोगावच्या लोकांना दाखवून त्यांची मतं घेतली गेली. मीनाचं रूप चित्रकाराच्या आवडीइतकंच पाहणाऱ्यांच्या उत्तरांवरही ठरलं.

व्यावसायिक कोणते प्रश्न विचारतात?

शिकवण्याची पद्धत प्रत्येकाची वेगळी असली, तरी काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात.

• पूर्ण काळं केलं तर ओळखू येतं का? पात्राची बाह्याकृती म्हणजे सिल्हूट. मिकीचे दोन कान एवढ्यावर मिकी कळतो. आत काढलेले बारीक तपशील हे काम करू शकत नाहीत.

• आकार काय सांगतो? पिक्सारच्या 'अप' (२००९) या चित्रपटात एकलकोंडा कार्ल चौकोनी आहे. त्याचा चेहरा, चष्मा, खुर्ची सगळंच चौकोनी. त्याची पत्नी एली गोलाकार रेषांमध्ये आहे. संवादाआधीच दोघांचे स्वभाव कळतात.

• शेजारी कोण उभं आहे? एकटं छान दिसणारं पात्र चार जणांत हरवू शकतं. म्हणून लाइनअप लागतो.

• याला हवंय काय? गोष्टीत पात्राची गरज काय, हे कळल्याशिवाय कपडे आणि केस ठरवता येत नाहीत.

• बाकीची चित्रं कुठे आहेत? पहिली कल्पना सहसा आधी कुठेतरी पाहिलेली असते. म्हणून छोटी कच्ची चित्रं, म्हणजे थंबनेल्स, भरपूर काढून त्यातलं एक निवडायला सांगतात. बाद केलेली चित्रं डिझायनर कसा विचार करतो ते दाखवतात.

नक्कल करावी का?

सरावासाठी जरूर करावी. जुन्या कलाकारांची मॉडेल शीट उतरवून काढल्याशिवाय त्यांनी कुठे रेषा वाचवली हे समजत नाही. अडचण पोर्टफोलिओत येते. आवडत्या कलाकाराचे डोळे, त्याचीच रंगसंगती आणि त्याचीच रेषा असलेलं काम घेऊन गेलं, तर स्टुडिओला त्यातून विद्यार्थ्याबद्दल काहीच कळत नाही. उतरवलेलं काम 'सराव' असं स्पष्ट लिहून वेगळं ठेवावं आणि मूळ कलाकाराचं नाव द्यावं.

व्यावसायिकाची शैली त्याच्या आयुष्यातून आणि निरीक्षणातून आलेली असते. ती उसनी घेऊन फार काळ चालत नाही. त्याने विचारलेले प्रश्न मात्र कोणत्याही शैलीला लागू पडतात. एसटी स्टँडवर, लोकलमध्ये, आठवडी बाजारात बसून माणसं रेखाटणाऱ्या विद्यार्थ्याला या प्रश्नांची उत्तरं स्वतःची मिळतात. पिशवी उचलताना कमरेवर हात ठेवणारी बाई कुठल्याही ट्युटोरियलमध्ये सापडेलच असं नाही.

पात्र कोणाच्या मालकीचं?

ही गोष्ट वर्गात उशिरा शिकवली जाते, पण पहिल्या कामातच तिची गरज पडते. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा पहिला मालक सर्वसाधारणपणे मालक कंपनी असते, करारात वेगळं ठरलं नसेल तर. फ्रीलान्स कामात हक्क कोणाकडे राहणार, दुरुस्त्या किती वेळा आणि काम पोर्टफोलिओत दाखवता येईल का, हे आधीच लेखी ठरवून घ्यावं. 'टेस्ट' म्हणून विनामोबदला चित्रं मागितली, तर ती कुठे वापरणार हे विचारायला संकोच करू नये.

पोर्टफोलिओ पाठवण्याआधी

वीस वेगवेगळ्या मुलींची वीस चित्रं असण्यापेक्षा एकच पात्र पूर्ण तयार असलेलं बरं: थंबनेल्स, अंतिम रूप, टर्नअराउंड, पाच-सहा भाव, दोन-तीन कृती आणि शेजारी दुसरं पात्र. मग ती मॉडेल शीट वर्गमित्राच्या हातात द्यावी आणि काहीही न सांगता त्याला तेच पात्र जिना चढताना काढायला लावावं. तो जिथे अडखळेल, तिथे डिझाइन अजून अपुरं आहे.