पापान्त्लाची वाटणी

मेक्सिकोच्या आखाताला लागून असलेल्या व्हेराक्रूझ राज्यात, उत्तरेकडच्या टेकड्यांत, पापान्त्ला वसले आहे. त्याला गाव म्हणावे की शहर असा प्रश्न पडावा, एवढाच त्याचा विस्तार. हा मुलूख तोतोनाक लोकांचा. जवळच एल ताहीन ह्या प्राचीन नगरीचे अवशेष आहेत, साधारणपणे इ. स. ८०० ते १२०० हा तिच्या वैभवाचा काळ. १७८५ मध्ये दिएगो रुईस नावाचा अधिकारी चोरून लावलेल्या तंबाखूच्या शोधात रानात हिंडत असता त्याला तेथील कोनाड्यांचा पिरॅमिड दिसला आणि बाहेरच्या जगाला त्याचा 'शोध' लागला. तोतोनाकांना तो अर्थातच ठाऊक होता.

आम्हांला ह्या गावाकडे नेले ते मात्र पिरॅमिडने नव्हे, व्हॅनिलाने. आपल्याकडे व्हॅनिला म्हणजे आइस्क्रीममधला सर्वांत साधा, काही विशेष नको असेल तेव्हा मागवण्याचा प्रकार. ह्या साध्या चवीने पापान्त्लाची जमीन कशी वाटून टाकली, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

व्हॅनिला ही ऑर्किडच्या कुळातील वेल. तिचे फूल एकाच सकाळपुरते उमलते आणि शेंग तयार व्हायला आठ-नऊ महिने लागतात. हिरव्या शेंगेला वास नसतो. ती आलटून पालटून उन्हात तापवून, घाम आणवून, सावलीत सुकवून, काही महिन्यांनी काळी आणि सुगंधी होते. सुमारे पाच-सहा किलो हिरव्या शेंगांपासून एक किलो माल मिळतो. हे सुकवण्याचे काम, आणि त्यातला नफा, गावातल्या व्यापाऱ्यांच्या हाती असे. वेल मात्र रानात, तोतोनाकांकडे. रानातली शेंग रात्रीतून चोरीला जाई, म्हणून शेतकरी ती कोवळीच तोडत, आणि कोवळी तोडली की मालाचा कस जाई. अशा तोडणीला आळा घालणारे हुकूम वसाहतकाळापासून निघत होते. ते फारसे पाळले गेले असे दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्हॅनिलावर मेक्सिकोची जवळजवळ मक्तेदारी होती, कारण वेल दुसरीकडे नेली तरी तिला फळ धरत नसे. १८४१ मध्ये रेयुनियाँ बेटावर एडमंड अल्बियस ह्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडीच्या साहाय्याने फुलाचे परागीकरण करण्याची सोपी रीत दाखवली आणि मक्तेदारीचा पाया ढासळला. पुढे हीच रीत उलटा प्रवास करून मेक्सिकोत आली. त्याच सुमारास अमेरिकेतील मागणी वाढत होती. पापान्त्लात पैसा आला तो ह्या काळात.

पैसा आल्याने जमीन का वाटली जावी? उत्तर शेतीच्या रीतीत आहे. तोतोनाकांची शेती फिरती होती; सह्याद्रीत जिला कुमरी म्हणत, तिच्याशी नाते सांगणारी. रान तोडायचे, जाळायचे, दोन-तीन वर्षे मका घ्यायचा, मग ते पडीक टाकून पुढे सरकायचे. अशा व्यवस्थेत जमीन सामाईक असली तरी चालते, कारण कोणीच एका जागी फार काळ राहत नाही. व्हॅनिला मात्र त्या पडीक रानातच, कोवळ्या झाडांच्या आधाराने वाढते. पहिले पीक यायला सुमारे तीन वर्षे, त्यानंतर आणखी काही वर्षे उत्पन्न. म्हणजे जे रान सोडून द्यायचे, तेच आता धरून ठेवण्याजोगे झाले. ज्याने वेल लावली त्याला ते रान आपले वाटू लागले, आणि शेजाऱ्यालाही तेच वाटू लागले.

१८५६ पासून मेक्सिकोचे उदारमतवादी कायदे सामाईक जमिनी खाजगी करण्याच्या मागे होतेच. पापान्त्लात १८७० च्या दशकात एक मधला मार्ग निघाला: रान मोठमोठ्या तुकड्यांत विभागून प्रत्येकाला एकेक हिस्सेदार-मंडळ धनी करण्यात आले. परंतु हिस्सा म्हटला की तो विकता येतो, गहाण टाकता येतो. १८९० च्या दशकात मोजणीदार आले, तुकड्यांचे तुकडे पडले, आणि अनेक कुटुंबांच्या हाती काहीच उरले नाही. १८९१ आणि १८९६ मध्ये उठाव झाले. सैन्याने ते मोडले.

ही कथा बाहेरच्या लुटारूंनी भोळ्या आदिवासींना लुबाडल्याची म्हणून सांगणे सोपे आहे. एमिलिओ कोउरी ह्या इतिहासकाराने २००४ मधील आपल्या ग्रंथात ती तशी सांगितलेली नाही. वाटणी हवी असणाऱ्यांत तोतोनाकही होते, व्यापाऱ्यांशी संधान बांधणारे तोतोनाक पुढारीही होते. आम्हांला हे वाचताना भाऊबंदकी हा आपला शब्द वारंवार आठवला. साहित्यात आपण 'गाव' हे एकच पात्र असल्यासारखे वाचतो; गावावर अन्याय होतो, गाव सोसते. पापान्त्लाच्या कागदपत्रांतले गाव एका आवाजात बोलत नाही. जबरदस्ती तेथे झालीच. पण तिला वाट करून देणारी फट आतून पडली होती.

गावाचे अधिकृत नाव पापान्त्ला दे ओलार्ते. सेराफिन ओलार्ते स्पेनविरुद्ध लढला, म्हणून त्याचा सन्मान. त्याचा मुलगा मारियानो ह्याने १८३६ मध्ये स्वतंत्र मेक्सिकोच्या सरकारविरुद्ध बंड केले आणि १८३८ मध्ये तो मारला गेला. आडनाव दोघांचेही तेच, ही सोय नावातच आहे.

पुढे मादागास्करने बाजार काबीज केला. कृत्रिम व्हॅनिलिन तर १८७४ मध्येच बनले होते. विसाव्या शतकात जवळच्या पोसा रिकात तेल लागले, रानांच्या जागी संत्र्यांच्या बागा आल्या, कुरणे आली. २००९ ह्या एकाच वर्षी दोन मान्यता मिळाल्या: 'पापान्त्लाची व्हॅनिला' ह्या नावाला मेक्सिकोत उत्पत्तिस्थानाचे कायदेशीर संरक्षण, आणि व्होलादोरेसच्या विधीला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान. उंच खांबाच्या टोकावर एकजण बासरी आणि छोटा ढोल वाजवतो, आणि दोरांनी बांधलेले चौघे उलटे लटकत, फिरत, खाली उतरतात. परंपरेप्रमाणे प्रत्येकाचे तेरा फेरे. खांबासाठी पूर्वी रानातले एकच सरळ, उंच झाड विधिपूर्वक तोडून आणत. आता पुष्कळ ठिकाणी खांब लोखंडी असतो. चर्चपुढे उड्डाण पाहून उतरणाऱ्या प्रवाशांना तोतोनाक विक्रेते व्हॅनिलाच्या सुकवलेल्या शेंगा वळून केलेली फुले आणि लहान आकृत्या विकतात.